फळ्या उतरवलेली चाकं

४ मार्च १८४९, फर्नांडो पो

पुन्हा एकदा वही. कॉलेजात अशा दोन सुरू केल्या होत्या, दोन्ही रागाच्या भरात शेगडीत घातल्या. ही घालणार नाही. ही लग्नानंतर टॅमसिनला वाचायला द्यायची आहे, म्हणून खरं तेच लिहायचं ठरवलंय.

खरं असं: वय एकवीस. 'सँडपायपर' या राणीच्या आरमारातल्या चाकांच्या आगबोटीवर कप्तान स्ट्रिकलंड यांचा कारकून. त्यांची पत्रं उतरवून काढायची, रोजनाम्याची प्रत करायची आणि ते डेकवर आले की टोपी काढायची. केंब्रिज दुसऱ्या वर्षी सोडलं. सोडलं म्हणजे, एका मास्तरांनी चारचौघांत विचारलं, "काय कोलबर्न, त्या डेव्हनपोर्टच्या इंजिनवाल्याच्या मुलीकडून हल्ली कोणता विषय शिकताय?" आणि मी दौत फेकून मारली. दौत भरलेली होती. वडील पाद्री आहेत, त्यांनी शांतपणे दार लावून घेतलं. मामांच्या ओळखीनं आरमारात शिरलो आणि हीच बोट मागून घेतली, कारण टॅमसिनचे वडील, मिस्टर ट्रेविन, हिचे मुख्य इंजिनियर.

आज दिवसभर कोळसा भरला. ट्रेविन कोठीच्या तोंडाशी उभे राहून ओरडत होते. मला म्हणाले, "कारकूनसाहेब, लांब व्हा. तुमचा शर्ट पांढरा आहे, आम्हाला बघवत नाही."

मी म्हटलं, "मदत करू का?"

"करा की. बाजूला व्हा, हीच मदत."

भट्टीवाले हसले. मीही हसलो. सासऱ्याच्या बोलण्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

६ मार्च

इंग्लंडहून टपाल. टॅमसिनचं पत्र! दोन पानं. त्यातलं महत्त्वाचं इथे उतरवतो.

"बाबा स्वतःचं दुखणं कधी सांगत नाहीत. मागच्या खेपेला ताप आला तेव्हा असेन्शन बेटाच्या डोंगरावरच्या इस्पितळात नेलं म्हणून वाचले. तुम्ही जवळ आहात. एवढंच मागते, त्यांना काही झालं तर वेळेवर त्या डोंगरावर पोचवा. तुम्ही लिहिलेल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बाबा घरी आल्यावरच बोलता येईल."

ही दुसरी गोष्ट म्हणजे माझी मागणी. नकार द्यायचा असता तर इथेच दिला नसता का? बाकी पत्रात घरचं आहे. वादळात उडालेलं छप्पर गोदीतल्या रॉस्किली नावाच्या सुतारानं येऊन नीट केलं, तो मावशीला दर रविवारी प्रार्थनाघरात हात धरून नेतो, त्यानं परसात वाटाणे लावलेत. बिचारा. काही माणसं दुसऱ्यांची छपरं शाकारण्यातच जन्म घालवतात.

पत्र ट्रेविनांना दाखवलं नाही. त्यांना त्यांचं वेगळं आलं होतं. वाचून ते बराच वेळ इंजिन पुसत बसले.

९ मार्च

ताप बोटीत शिरला. अकरा जण आडवे. बोटीचे डॉक्टर लुसकोंब म्हणतात, आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर थांबलो तर संपलो. असेन्शनला जायचा हुकूम झाला. वाफेवर गेलो तर आठ दिवस.

ट्रेविन खूश आहेत. या फेरीनंतर 'सँडपायपर' मोडीत जाणार, तेव्हा शेवटची मोठी दौड पूर्ण वाफेवर व्हावी असं त्यांना वाटतं. बारा वर्षांपूर्वी हिच्या बॉयलरखाली पहिली काडी त्यांनीच लावली. सीरियाच्या किनाऱ्यावर वारा पडला तेव्हा तीन तीन मजल्यांच्या शिडाच्या युद्धनौका हिनं तोफांच्या माऱ्यात ओढून नेल्या, ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. "नाव त्यांचं झालं. दोर आमचा होता. पेपरात दोराचं नाव कोण छापतंय?"

१० मार्च, समुद्रात

पहाटे वाफेवर बाहेर पडलो आणि जमीन दिसेनाशी होताच कप्तानांनी भट्ट्या विझवायला सांगितलं. शिडं चढवा, चाकांच्या फळ्या उतरवा!

फळ्या असल्या की चाकं पाण्यात अडतात आणि शिडांवर बोट चालत नाही, म्हणून त्या काढायच्या. कप्तानांचं सगळं आयुष्य शिडांच्या जहाजांवर गेलं. त्यांच्या वयाच्या लोकांत जो कप्तान भरल्या कोठ्यांनी बंदरात येतो तो पक्का खलाशी, आणि जो धूर काढत येतो तो चहाची किटली. त्यात गेल्या वर्षी त्यांनी चार दिवस जास्त कोळसा जाळला म्हणून वरून तीनदा पत्रं आली. तिन्हींची उत्तरं मीच उतरवून काढली. तिसऱ्यात त्यांना माफी मागावी लागली होती.

ट्रेविन वर आले, टोपी हातात. "साहेब, वारा तोंडावर आहे. आजारी माणसं आहेत. आठ दिवसांचं वीसवर जाईल."

"मिस्टर ट्रेविन, माणसं या वाटेनं तीनशे वर्षं शिडांवर जातायत."

"होय साहेब. पोचलेल्यांनीच तसं सांगितलं."

मला वाटलं आता भडका उडणार. पण कप्तान किंचित हसले, म्हणाले, "चार दिवस बघू. वारा फिरला नाही तर मग बोलू."

फळ्या उतरवायला ट्रेविन स्वतः चाकघरात उतरले. चाक दोरांनी बांधलेलं, तरी लाटेसरशी हलत होतं. कमरेपर्यंतच्या पाण्यात तीन तास उभे राहून एकेक बोल्ट काढला. त्यांचा मदतनीस काल्डर, ग्लासगोचा, म्हणत होता, "तुम्ही वर या, मी करतो." ते म्हणाले, "माझ्या हातानं लावल्यात, माझ्याच हातानं निघू देत."

१३ मार्च

ट्रेविन आडवे. दोन दिवस अंगात ताप घेऊन हिंडत होते. आज शिडीवरून उतरताना पाय सुटला तेव्हा कळलं. कोयनेल पाजलं, सगळं उलटलं.

कालपासून अठ्ठेचाळीस मैल. एखादं माणूस चालत पुढे गेलं असतं.

१५ मार्च

शिडं लोंबतायत. आणखी सहा जण आडवे.

१६ मार्च

दोघांना पाण्यात सोडलं. आमच्याकडे प्रेत कापडात शिवताना पायाशी तोफगोळा घालत नाहीत, भट्टीतल्या सळया घालतात. काल्डर सळया मागायला ट्रेविनांकडे आला. ते डोळे न उघडता म्हणाले, "जुन्या दे. नव्या ठेव, अजून बरेच जण आहेत."

मी म्हटलं, "असं बोलू नका हो."

"पोरा, तुला काय वाटलं, तुझ्याबद्दल बोलतोय?" मग माझा हात धरला. पहिल्यांदाच. "टॅमसिनला लिहिलंस का मी आजारी आहे म्हणून?"

"नाही."

"शहाणा आहेस. अधूनमधून."

चार दिवस कधीच झाले. कप्तान डेकवर फेऱ्या मारतात, वर आभाळाकडे बघतात, पुन्हा फेऱ्या. त्यांना झोप नाही, असं त्यांचा वाढपी सांगत होता. नसेलच. मनाला खात असेल.

१७ मार्च

आज मी बोललो. सगळं बोललो.

सकाळी डॉक्टर ट्रेविनांच्या खोलीतून बाहेर आले. म्हणाले, "दुखणं अजून हाताबाहेर गेलेलं नाही. आठवडाभरात डोंगरावर पोचले तर उठतील. या पेटाऱ्यात राहिले तर नाही."

"कप्तानांना सांगितलंत?"

"आत्ताच सांगून आलो."

"मग?"

"ऐकून घेतलं त्यांनी."

ऐकून घेतलं! माझं डोकं फिरलं. तसाच कप्तानांच्या केबिनीकडे गेलो. बाहेर काल्डर उभा, हात स्वच्छ धुतलेले, बटणं लावलेला कोट, टोपी काखेत.

"तू काय करतोयस इथे?"

"बोलावलंय. कोलबर्न, थांब जरा, आधी मला..."

त्याला बाजूला सारून मी आत गेलो. टेबलावर नकाशा, त्यावर कंपास, आणि शेजारी ट्रेविनांची इंजिनाची वही उघडी पडलेली. ते पाहून तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस मरायला टेकलाय आणि हे त्याच्या वहीत चुका शोधत बसलेत!

कप्तान मान वर करून म्हणाले, "कोलबर्न, दार वाजवायची पद्धत असते."

"माणसं जगवायचीही असते, साहेब."

"बसा. तुमच्यासाठीही काम आहे. एक पत्र लिहून घ्यायचंय."

पत्र! अशा वेळी यांना पत्र सुचतंय! मग मी थांबलो नाही. छताचं तावदान हवेसाठी उघडं होतं, वर लोक डेक घासत होते. त्यांनाही ऐकू जावं म्हणूनच मी आवाज चढवला. म्हटलं, "तुम्ही भ्यालात. समुद्राला नाही, कागदाला! लंडनहून आणखी एक पत्र येईल म्हणून तुम्ही खाली पडलेल्या माणसांना मरू देताय. तोफेसमोर उभा राहणारा माणूस टाकाला घाबरतो, हे सगळ्या बोटीला कळू दे!"

वरचं घासणं थांबलं. कोणीतरी फस्सकन हसलं.

कप्तानांनी मान वर करून तावदानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मी आत आलो तेव्हा त्यांचा चेहरा नुसता दमलेला होता, जवळजवळ मऊ. तो माझ्यासमोर लाकूड झाला. त्यांनी इंजिनाची वही मिटली.

"काल्डर!"

काल्डर दारात आला.

"तुम्हाला ज्यासाठी बोलावलं ते राहू द्या. शिडांवरच जायचं." हे त्यांनी वरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं. "या बोटीत कारकुनाच्या हुकमानं भट्ट्या पेटत नाहीत. मिस्टर कोलबर्न, तुम्ही अटकेत आहात."

बाहेर पडताना काल्डरनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. त्याच्या मनात जे होतं ते माझ्या तोंडून निघालं, त्याचा त्याला हेवा वाटला असावा.

संध्याकाळी एकदा वाटून गेलं, जरा हळू बोललो असतो तर? पण नाही. हळू बोललेलं या लोकांच्या कानापर्यंत पोचतच नाही.

१८ मार्च

अटकेत. ट्रेविनांची खोली माझ्या खोलीला लागून. मधली फळी पातळ आहे, कण्हणं सगळं ऐकू येतं. वारा नाही.

१९ मार्च

ट्रेविनांनी मला मागून घेतलं, कारण आजाऱ्यांजवळ बसायला उभी माणसंच उरली नाहीत. कप्तानांनी परवानगी दिली. तेवढीही लाज वाटत नसती तर कमाल होती.

ओलं फडकं कपाळावर ठेवलं. म्हणाले, "काय रे, फार बोललास म्हणे?"

"तुमच्यासाठी."

"हं." फडकं स्वतःच उलटं करून ठेवलं. मग, "बारा वर्षं मी त्या माणसाच्या जातीशी बोलतोय. त्यांना कोपऱ्यात घ्यायचं नसतं. दरवाजा उघडा ठेवायचा आणि आपण दुसरीकडे बघायचं. मग येतात बाहेर."

ताप डोक्यात गेलाय, असंबद्ध बोलतात. मी म्हटलं, "तुम्ही पडून राहा."

"दुसरं काय करतोय, लेका?"

२१ मार्च

आणखी तिघं. जुन्या सळया संपल्या.

ट्रेविन मला टॅमसिन समजून बोलले. म्हणाले, "त्याला हो म्हण. माझी वाट बघू नकोस." माझे डोळे भरून आले. म्हणजे त्यांची संमती आहे! हे शब्द तिला जसेच्या तसे सांगणार आहे.

२२ मार्च

आज कप्तानांनी स्वतः सगळ्यांना डेकवर बोलावून हुकूम दिला: फळ्या चढवा, भट्ट्या पेटवा. त्यांचा आवाज बसलेला होता. पाच दिवसांनी शहाणपण आलं.

माझी अटक उठली, कारण हात कमी होते. काल्डर, मी आणि चार खलाशी चाकघरात उतरलो. आत अंधार, शेवाळ आणि खारं पाणी. लाट आली की छातीपर्यंत चढायची, उतरताना चाक दोरांना हिसके द्यायचं. माणसाच्या उंचीच्या फळ्या, आखडलेले बोल्ट. एकाचं मनगट फळी आणि लोखंडात सापडलं. त्याचं ओरडणं त्या लाकडी पेटीत असं घुमलं की मला काही क्षण स्वतःचे हात दिसेनात. काल्डर दिवसभरात माझ्याशी दोनच शब्द बोलला. "धर" आणि "सोड".

२३ मार्च

सकाळी चाकं फिरली. भांडी वाजू लागली, खोलीच्या भिंती थरथरू लागल्या. मी धावत ट्रेविनांकडे गेलो. "ऐकताय ना? सात मैलांचा वेग आहे!"

ते ऐकत होते. कपाळाला आठी. "डावं चाक उशिरा बसतंय. एक फळी वाकडी लावलीत."

"दुरुस्त करायला सांगू?"

"आता राहू दे. पोचेल."

तुम्ही पोचाल असं मी म्हणालो. त्यांनी कान पुन्हा चाकांकडे लावला.

२५ मार्च

सकाळी पावणेआठला मिस्टर ट्रेविन गेले. चाकं फिरत होती. डॉक्टरांनी नाडी सोडली तरी मी हात सोडला नाही. मग सोडला.

दुपारी पाण्यात सोडलं. काल्डरनं नव्या सळया घातल्या. त्याच्या सांगण्यावरून इंजिन चार मिनिटं थांबवलं. कप्तानांनी प्रार्थना वाचली, पण मधेच ओळ चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

मी नकाशा पाहिला. सतरा तारखेला वाफ धरली असती तर काल आम्ही नांगर टाकला असता, आणि आज ते डोंगरावर गादीवर झोपले असते. एका दिवसाचा फरक. हा हिशेब मी त्या माणसाला कधीही विसरू देणार नाही.

२८ मार्च, असेन्शन

पोचलो. ताप असलेल्या बोटीला गावापाशी येऊ देत नाहीत. आम्हाला लाव्ह्याच्या काळ्या खडकांतल्या एका खाडीत थांबवलं. अन्नपाणी खडकावर ठेवून माणसं मागे पळतात, मग आम्ही जाऊन उचलायचं. वर डोंगराचा हिरवा माथा स्पष्ट दिसतो. आजाऱ्यांना कधी न्यायचं ते ठरायला आठवडा लागेल म्हणे. गेल्या आठवड्यात रोज दोनतीन, ती धरून एकूण सव्वीस माणसं गेली.

टपालाची पिशवी लांब काठीला बांधून दिली. टॅमसिनच्या अक्षरातलं एक पत्र, वडिलांच्या नावाचं. मला वेगळं नाही. माझं पान त्यातच घातलं असेल. उघडलं नाही. तसंच परत पाठवणार, ती समजून घेईल.

२९ मार्च

काल्डर खडकावर बसून हाताला लागलेलं काळं खरवडत होता. मी शेजारी बसलो. म्हटलं, "मी टॅमसिनला सगळं लिहिणार आहे. कोणी मारलं तेही."

तो म्हणाला, "सतराला सकाळी कप्तानांचा निरोप आला होता. फळ्या चढवायला किती वेळ लागेल ते सांगायला ये. ट्रेविनसाहेबांची वही त्यांनी कोळशाचा अंदाज काढायला मागून घेतली होती. मी पाने, बोल्ट, दोर, सगळं चाकघरात मांडूनच वर आलो होतो."

"मग चढवल्या का नाहीत?"

काल्डर माझ्याकडे बघत राहिला. "खरंच विचारतोयस?"

"म्हणजे?"

तो उठला आणि खडकांवरून खाली निघून गेला. हे असं आहे. ट्रेविनांचा माणूस, बारा दिवस त्यांच्यासाठी रडला, पण कप्तानांविरुद्ध शब्द काढायची याचीही छाती नाही. आता तर त्यांची बाजू घ्यायला लागला.

संध्याकाळ होत आली आहे. टॅमसिनच्या पत्राचे दोन मसुदे फाडले. तिसरा बरा झालाय. वारा, कोळसा, कप्तान, सगळं आलं. शेवटचं वाक्य लिहून पत्र मिटतो: तुमच्या वडिलांना वेळेवर पोचवण्यासाठी माझ्या हातून होण्यासारखं जे जे होतं ते सगळं मी केलं, काहीही बाकी ठेवलं नाही.